अडीच तासांची रेघ

आमच्या ऑफिसात शिरलं की समोरच्या भिंतीवर एक मोठा टीव्ही दिसायचा, आणि त्यावर दिवसभर माझ्या रेघा चालायच्या. माझ्या म्हणजे मी बसवलेल्या. ऑफिस हैदराबादला, आबिड्सच्या मागच्या गल्लीत. खाली चपलांची दुकानं, वर आम्ही. लहान दवाखान्यांचे एक्स-रे आणि तपासण्यांचे रिपोर्ट सर्व्हरवर जपून ठेवायचे, हा कंपनीचा धंदा. ते सर्व्हर आतल्या बंद खोलीत अखंड घुमत असायचे आणि त्यांचं बरं चाललंय की नाही हे बघणं माझं काम. कुठल्या मशीनवर किती भार आहे, डिस्क किती भरली, खोलीचं तापमान किती, असे आकडे दर मिनिटाला गोळा व्हायचे. नुसते आकडे कोण बघणार? म्हणून मी फुकट मिळणारं एक सॉफ्टवेअर घेऊन त्यांचं वेबपान केलं. ब्राउझर उघडा, की आकड्यांच्या जागी रंगीत रेघा. मोबाइलवरही दिसायच्या. त्या पानाचा मला भारी अभिमान होता.

पान येण्याआधी हे सगळं काका वहीत लिहायचे. काका म्हणजे सर्व्हर रूमचे ऑपरेटर. माझ्यापेक्षा बारा-तेरा वर्षांनी मोठे, पण मला साहेब म्हणायचे, कारण मी पर्मनंट आणि ते अकरा वर्षं कंत्राटावर. राहायला गौलीगुड्यात. घर मूळ मराठवाड्यातलं, बौद्ध; वडील कामासाठी हैदराबादला आले ते इथलेच झाले. आम्ही विद्यानगरचे, परभणीकडच्या शेतकरी घरातले, आता तीन पिढ्या नोकरदार. सगळ्या ऑफिसात मराठी बोलणारे आम्ही दोघंच. सकाळी ते "जय भीम, साहेब" म्हणायचे आणि मी "नमस्कार, काका" म्हणायचो. इतक्या वर्षांत मी एकदाही उलट जय भीम म्हटलं नाही. तेव्हा ते माझ्या लक्षातसुद्धा आलं नव्हतं.

पान सुरू झाल्यावर वहीची गरज उरली नाही. डायरेक्टरांनी तसं सांगितलंही. काकांनी मान डोलावली आणि वही चालूच ठेवली. भिंतीवरच्या थर्मामीटरचा आकडा, एसीचा आवाज कसा येतोय, कुठल्या डब्याचे दिवे लागलेत, सगळं मराठीत, मराठी आकड्यांत. शिक्षण मराठी शाळेत झालेलं. इंग्रजीत स्पेलिंग चुकलं तर ऑफिसातली पोरं हसतात, म्हणून ते इंग्रजीत एक ओळ लिहायचे नाहीत. मी चेष्टा करायचो, "काका, ही वही वाचणार कोण?" ते म्हणायचे, "तुम्ही आहात की."

खोलीतला तापमानाचा सेन्सर ज्या डब्यातून आकडे पाठवायचा, तो नेटवर्कचा डबा जुना होता. अधूनमधून बंद पडायचा, आणि बटण दाबून परत चालू करेपर्यंत आकडे यायचे नाहीत. मग पानावरची रेघ तुटायची, मध्ये कोरी जागा राहायची आणि पुढे पुन्हा सुरू व्हायची. मला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. माहिती नाही म्हणून रेघ नाही, सरळ गोष्ट. पण एकदा एका मोठ्या दवाखान्याचे लोक आले असताना डायरेक्टरांनी मला टीव्हीसमोर बोलावलं.

"ये बीच में खाली कायकू दिखरा? मशीनां बंद पड़े समझते लोगां. भरो इसको कुछ तो भी."

नवा डबा मी मागितला होता. त्यावर "देखेंगे" म्हणून झालं होतं. पण पानाच्या सेटिंगमध्ये तुटलेली टोकं जोडायचा एक पर्याय होता. जिथे आकडा नाही, तिथे पान आपलं आधीच्या आकड्यापासून नंतरच्या आकड्यापर्यंत सरळ रेघ ओढून मोकळं. मी तिथे टिचकी मारली. आकडे आले नाहीत तर मला मोबाइलवर मेसेज यायचा, तो सारखा यायला लागला होता. तोही बंद करून टाकला. दोन्ही मिळून पाच मिनिटांचं काम. टीव्ही छान दिसू लागला. डायरेक्टर खूश, मी खूश. काकांना काही सांगितलं नाही. त्यांना काय करायचंय, असं मला वाटलं.

त्या वर्षी मे महिन्यात कंत्राटी माणसांपैकी काहींना कायम करायची यादी निघणार होती. काकांचं नाव त्यात आहे हे सगळ्यांना माहीत होतं. त्यांची मुलगी कॉलेजात होती, घरात मिळवणारे ते एकटेच. यादीची तारीख त्यांनी मला दोनदा विचारली होती, दोन्ही वेळा हसत हसत, जणू सहज विचारतायत.

यादीच्या आधीचा रविवार. मी एका चुलत बहिणीच्या साखरपुड्याला फंक्शन हॉलमध्ये होतो. दुपारी दीडच्या सुमाराला काकांचा फोन आला.

"साहेब, एसी बंद पडलाय. लाइनच ट्रिप झाली, स्विच वर राहीना. आत लई गरम झालंय. थर्मामीटर एकोणचाळीस दाखवतंय. एसीवाल्याला फोन लावला, येतो म्हणाला. तोवर मशीनी बंद करू का?"

मशीन बंद करायची तर सगळ्या दवाखान्यांचं काम थांबणार. परवानगी माझी लागायची. मी एका हातात जेवणाचं ताट धरून दुसऱ्या हाताने मोबाइलवर पान उघडलं. बावीस अंश. सकाळपासूनची हिरवी रेघ, सपाट. शेवटचा आकडा एक वाजताचा आहे आणि त्यानंतर काही आलेलंच नाही, हे त्या एवढ्याशा पडद्यावर नीट बघितल्याशिवाय दिसलं नसतं. मी नीट बघितलं नाही.

"काका, ग्राफ तर बावीस दाखवतोय. तुमचा थर्मामीटर बिघडला असेल. घाबरू नका. फार तर दार उघडून पंखे लावा."

"पण साहेब, मी आत उभा आहे ना."

"मी बघतोय ना इथून," मी म्हणालो आणि फोन ठेवला. पाहुण्यांनी जिलेबीचा आग्रह चालवला होता.

एसीवाला तीनला आला. साडेतीनपर्यंत खोली थंड झाली आणि काकांनी नेटवर्कच्या डब्याचं बटण दाबलं. एसी आणि तो डबा एकाच लाइनवर होते. दोन्ही एक वाजता एकदम गेले होते. तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. दोन मुख्य डिस्क जळाल्या आणि त्यांच्याबरोबर एका दवाखान्याचे कित्येक महिन्यांचे एक्स-रे गेले. बॅकअप होता, पण अर्धवट.

सोमवारी डायरेक्टरांनी आम्हा दोघांना त्या भिंतीवरच्या टीव्हीसमोर उभं केलं. पडद्यावर रविवारची रेघ. एक वाजता बावीस, साडेतीनला सव्वीस, आणि मधले अडीच तास त्या दोन आकड्यांना जोडणारा सरळ, हलका चढ. बघणाऱ्याला वाटावं, खोली जरा कोमट झाली आणि बस.

"किधर है चालीस?" डायरेक्टरांनी विचारलं.

काकांनी वही पुढे केली. डायरेक्टरांनी ती माझ्या हातात दिली, कारण वाचता येणारा मी एकटाच. मी हिंदीत सांगू लागलो: एक वाजता बावीस, एसी बंद. दीडला एकोणचाळीस, साहेबांना फोन. दोनला एक्केचाळीस. डायरेक्टरांनी हात वर केला. "बस, बस. किताब में कोई भी कुछ भी लिखता." माझे डोळे मात्र पुढच्या ओळीवर होते. काकांच्या गोल अक्षरात लिहिलं होतं: नेटवर्कच्या डब्याचा हिरवा दिवा गेलेला, एक ते साडेतीन.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. अडीच तास एकही आकडा आलेला नव्हता. पडद्यावर दिसत होतं ते तापमान नव्हतंच. ती माझी टिचकी होती. फोनवरचे बावीससुद्धा शिळे होते.

"तो ग्राफ झूठ बोलरा क्या?" डायरेक्टर मला विचारत होते.

"सर, ग्राफ को जो मिलता, वोइच दिखाता," मी म्हणालो.

हे वाक्य मी आजवर किती वेळा मनात उलटंपालटं केलं असेल. वरवर बघितलं तर ते खोटंही वाटत नाही. असलं वाक्य त्या घाईत मला सुचलं कसं, याचीच मला जास्त लाज वाटते. मी वही मिटून काकांना परत दिली. एसीवाल्याने अंग काढून घेतलं. मी गेलो तेव्हा खोली ठीक होती, म्हणाला. मग डिस्क जळाल्या कशा? काकांनीच घाबरून मेन स्विच खालीवर केला असणार, असं ठरलं. हलगर्जीपणा. यादी निघाली त्यात काकांचं नाव नव्हतं, आणि महिना संपला की येऊ नका, असं त्यांना सांगण्यात आलं.

मंगळवारी संध्याकाळी सगळे गेल्यावर मी ती टिचकी काढून बघितली. रेघ मधोमध तुटली आणि अडीच तासांची पांढरी जागा समोर आली. एवढं डायरेक्टरांना दाखवलं असतं तर काकांची नोकरी राहिली असती आणि माझी गेली असती. निदान मला तसं वाटत होतं. घराचे हप्ते होते, बायकोचं दुसरं बाळंतपण जवळ आलं होतं, वगैरे. कारणं प्रत्येकाकडे असतात. मी टिचकी परत मारली.

आमच्या पानाची एक रीत होती. मिनिटामिनिटाचे आकडे ते फक्त चौदा दिवस ठेवायचं. त्यानंतर जागा वाचवायला सहा-सहा तासांची सरासरी काढून एकेक आकडा ठेवायचं आणि मूळचे पुसून टाकायचं. काही आकडे नसले तरी उरलेल्यांवर सरासरी काढायचं. म्हणजे चौदा दिवसांनी ती कोरी जागा कोणालाच दाखवता येणार नव्हती. हे ऑफिसात फक्त मला माहीत होतं. रोज सकाळी दात घासताना मी दिवस मोजायचो, आणि रोज आज सांगू असं म्हणायचो. आणखी एक गोष्ट लिहून टाकतो. काका आमच्या नात्यागोत्यातले असते, आमच्या घरी पंगतीला बसणारे असते, तर मी इतका वेळ गप्प बसलो असतो का? बसलो नसतो, असं माझं मन सांगतं. माणूस म्हणून मी स्वतःला बरा समजत होतो, ते त्या चौदा दिवसांत संपलं.

नवव्या दिवशी काका विद्यानगरला घरी आले. पहिल्यांदाच. खुर्चीच्या कडेवर बसले, पाणी घेतलं, चहा नको म्हणाले. त्यांना डायरेक्टरांना अर्ज द्यायचा होता, इंग्रजीत. "तुमच्याशिवाय कोण लिहून देईल, साहेब?"

मी लॅपटॉप उघडला. ते मराठीत सांगत गेले, मी इंग्रजीत लिहीत गेलो. अकरा वर्षांची नोकरी, एकही तक्रार नाही. रविवारी काय झालं ते वेळेसकट. मग ते पुढे झुकले.

"आता हे नीट लिहा. एक ते साडेतीन त्या डब्याचा दिवा गेला होता. वहीत आहे. डबा बंद तर आकडे गेलेच नाहीत. मग ती रेघ आली कुठून? एवढंच डायरेक्टर साहेबांना विचारा. बाकी काही नको मला."

त्यांना कळलं होतं. त्या टिचकीबद्दल कोणी सांगितलेलं नसताना, इंग्रजीचा गंध नसलेल्या त्या माणसाने नुसत्या दिव्यावरून हिशोब बरोबर लावला होता. मी टाइप करत राहिलो. बोटं चालत होती, ती दुसरंच काहीतरी लिहीत होती: माझ्या प्रामाणिक सेवेचा सहानुभूतीने विचार व्हावा, असं काहीतरी.

"वाचून दाखवा बरं," ते म्हणाले.

मी पडद्याकडे बघत सगळा अर्ज मराठीत वाचून दाखवला. डब्याचा दिवा वाचला. ती रेघ आली कुठून, तेही वाचलं. पडद्यावर नसलेली ती वाक्यं मी न अडखळता, स्वल्पविरामासकट वाचली. त्यांनी डोळे मिटून ऐकलं आणि "एकदम बरोबर" म्हणाले. मी छापून दिलेल्या कागदावर त्यांनी इंग्रजीत सही केली, सावकाश, एकेक अक्षर काढत. नाक्यावरून झेरॉक्स काढून एक प्रत जवळ ठेवली. जाताना माझे दोन्ही हात हातात घेतले.

उत्तर चार दिवसांत आलं, दोन ओळींचं. अर्जात कोणतीही नवी बाब मांडलेली नसल्याने फेरविचार करता येत नाही. काकांनी ते माझ्याकडूनच वाचून घेतलं. "असं कसं? रेघेचं काहीच लिहिलं नाही त्यांनी?" मी म्हणालो, मोठ्या लोकांचं असंच असतं. पंधराव्या दिवशी मी टिचकी काढून पुन्हा एकदा पान बघितलं. रविवार दुपार तेवीस अंश. रेघ कुठेही तुटलेली नव्हती.

काका मग बसस्टँडजवळच्या एका लॉजमध्ये कामाला लागले, पाहुण्यांना खोल्या दाखवायच्या. वर्षभरात मीही ते ऑफिस सोडलं. एकदा त्यांचा फोन आला. पोरगी कंप्युटरचं शिकली आहे, पण कॉलेजात काही धड शिकवलं नाही, तुम्ही थोडं शिकवाल का? मी इतक्या घाईने हो म्हणालो, की ते हसले.

दर रविवारी ती दुपारी यायची. हुशार, आणि बापासारखीच खोदून विचारणारी. मी तिला सर्व्हर सांभाळायला शिकवलं, आकडे गोळा करायला, त्यांची पानं बनवायला. मराठी तिला बोलता यायचं, वाचता येत नव्हतं. सव्वा वर्ष मी एकही रविवार चुकवला नाही. बायको म्हणायची, स्वतःच्या पोरांना इतका वेळ दिला असतात तर. मला वाटायचं, फिटत चाललंय. हळूहळू का होईना, फिटेल.

एका रविवारी तिने सेटिंगमध्ये तो पर्याय शोधून काढला. रेघ तोडून-जोडून बघितली आणि माझ्याकडे वळली. "सर, ये कायकू दिया इनों? डेटाच नाही तर लाइन कशी काढायची? असं कोण यूज करत असेल?"

"लोकांना रिकामी जागा बघवत नाही," मी म्हणालो. ती हसली आणि तिने ते आपल्या वहीत लिहून घेतलं.

तिला नोकरी लागली. चांगली, माझ्यापेक्षा चांगली. त्या आठवड्यात काका पेढे घेऊन आले. या वेळी खुर्चीत नीट टेकून बसले, चहाही घेतला. खूप वेळ पोरीचं कौतुक करत होते. मग कप खाली ठेवला.

"साहेब, एक सांगू? पोरीने तो अर्ज वाचला होता. मागेच, तुमच्याकडे यायला लागली त्या सुमाराला. पेटीत झेरॉक्स सापडली तिला. म्हणाली, बाबा, तुम्ही रोज त्या रेघेचं सांगता, यात तर त्याचं नावच नाही."

मी त्यांचा रिकामा कप उचलून ट्रेमध्ये ठेवला.

"मी म्हटलं, अगं, मीच सांगायचं विसरलो असेन."

"तुम्ही विसरला नव्हता, काका," मी म्हणालो.

"मालूम है ना," ते शांतपणे म्हणाले. "तुम्ही वाचून दाखवलेलं मला आजपण पाठ आहे. पण तिला खरं सांगितलं असतं तर तिने तुमच्या दारात पाऊल टाकलं नसतं. शिकणं अर्धवट राहिलं असतं." त्यांनी पेढ्यांचा डबा माझ्याकडे थोडा सरकवला. "आता नोकरी लागली. आता सांगू का तिला?"

ते टोमणा मारत नव्हते. खरंच विचारत होते, जशी मशीन बंद करायची परवानगी विचारली होती तशी. सांगा, एवढंच म्हणायचं होतं. दोन अक्षरं. मी खाली बघत म्हणालो, "तुम्हाला योग्य वाटेल तसं करा."

"हौ," ते म्हणाले. चपला घातल्या, जय भीम म्हणाले आणि जिना उतरून गेले.

त्याला तीन वर्षं झाली. दर शिक्षक दिनाला सकाळी तिचा फोन येतो. "सर, आज मी जे काही आहे ते तुमच्यामुळे," असं ती म्हणते. त्यावरून मला कळतं, काकांनी अजून सांगितलेलं नाही.